डॉड गेडिसचे गाणे, व्हिएन्नामार्गे

डॉड गेडिस गुरुवारी सकाळी एका पायात बूट घालून दुसरा शोधत असताना गेला, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत त्याच्या स्वयंपाकघरात एक सोडून सगळे प्रश्न सुटले होते. शवपेटी कोणत्या लाकडाची, दफनानंतर हॉटेलात लोकांना स्टेक पाई द्यायची की सूप आणि सँडविचवर भागवायचे, पेटी खाली उतरवताना तिच्या आठ दोऱ्या कोणी धरायच्या, हे सारे त्याची विधवा एफी हिने हातातला चहाचा कप खाली न ठेवता ठरवून टाकले. दोऱ्यांसाठी तर तिने अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या स्ट्रॅकनकडून छापील कार्डे मागवली आणि क्रमांकासमोर नावेही घातली. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पोर्टगॅरी गावात दोरीचे कार्ड हातात पडणे म्हणजे मृताच्या आयुष्यात आपली जागा कितवी होती याचा जाहीर निकाल असतो, आणि पुष्कळ माणसे तो निकाल स्वतःच्या पेटीपर्यंत मनात धरून ठेवतात. डॉडचा सख्खा भाऊ वॉटी याच्या नावाचे कार्ड नव्हते.

उरला होता तो प्रश्न गाण्याचा.

"त्याचं गाणं व्हायला हवं," एफी म्हणाली. "चर्चमध्ये. मला ते एकदा ऐकायचंय. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा."

टेबलाभोवतीची माणसे आपापल्या कपात पाहू लागली. एफीची मुलगी रोना ग्लासगोच्या एका महाविद्यालयात संगीताचा इतिहास शिकवीत असे, आणि इतिहास शिकवणाऱ्यांना शांततेचा अर्थ जरा उशिरा लागतो. तिने विचारले की म्हणणार कोण.

पोर्टगॅरीत प्रत्येकाचे एक गाणे असते. नव्या वर्षाच्या स्वागताला, लग्नात, बारशात, बाटली अर्धी झाली की एकेकाने उठून आपापले गाणे म्हणायचे. आणि दुसऱ्याचे गाणे त्याच्या हयातीत म्हणणे म्हणजे त्याचीच विजार चढवून त्याच्याच दारात उभे राहण्यासारखे. डॉडचे गाणे त्याला आजीकडून आले होते. त्यात एका खलाशाची बायको दिवस मावळल्यावर घर आवरते. पहिल्या कडव्यात ती चुलीतला निखारा राखेखाली झाकते, दुसऱ्यात मुलाला पांघरूण घालते, आणि तिसऱ्यात समुद्र तिच्या नवऱ्याला झाकून घेतो. तिन्ही कडवी एकाच शब्दावर येऊन थांबतात: हॅप्पिट. हॅप्पिट म्हणजे पांघरलेले, ऊब आत राहावी म्हणून नीट लपेटलेले. या किनाऱ्यावर बटाट्याला माती चढवली की तो हॅप्पिट होतो, आणि माणसालाही.

हेच गाणे वॉटीने चाळीसएक वर्षांपूर्वी एका लग्नात, डॉड मोकळा व्हायला बाहेर गेला असताना, म्हणून टाकले होते. डॉड परत आला तेव्हा तिसरे कडवे चालू होते आणि बायका डोळे पुसत होत्या. त्यांतली एक, बहुधा शेरी वाइनच्या भरात, म्हणाली की वॉटी डॉडपेक्षा बरा म्हणतो. त्यानंतर दोघे भाऊ म्हातारपणाने जमिनीवर आणून सोडेपर्यंत 'मार्गारेट ॲन' या एकाच बोटीवर मासेमारी करीत राहिले, आणि एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. जे बोलायचे ते बोटीशी. "मार्गारेट, त्याला सांग जाळं अडकलंय," असे एक म्हणे. "मार्गारेट, त्याला सांग देवानं मला डोळे दिलेत," असे दुसरा.

"पण आता बाबा गेलेत," रोना म्हणाली. "आता कुणीही म्हणू शकेल की."

शेजारच्या नील बुकनने, ज्याच्या नावावर चौथी दोरी होती, मधल्या बंद दाराकडे हनुवटी वळवली. "गेलाय कुठे? पुढच्या खोलीत आहे अजून."

त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. जोवर माणूस जमिनीच्या वर आहे, तोवर गाणे त्याचे. पोर्टगॅरीत चर्चचा, सरकारचा आणि समुद्राचा कायदा आजवर कधी ना कधी मोडला गेला आहे. हा एक तेवढा वॉटीनंतर कोणी मोडला नव्हता, आणि वॉटीचे काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. म्हणजे गावातला कोणी गाणार नाही. म्हणजे बाहेरचा हवा. आणि बाहेरच्याला गाणे ठाऊक असायचे तर ते कुठेतरी छापलेले असायला हवे.

ते छापलेले होते. इथेच खरे दुर्दैव सुरू होते.

दोनशे वर्षांपूर्वी एडिनबरामध्ये एक सद्गृहस्थ राहत असे. त्याला स्कॉटलंडची लोकगीते वाचवायची होती. ज्यांना ती येत होती त्यांच्यापासून वाचवायची होती, असे त्याच्या एकंदर कर्तृत्वावरून दिसते. कोळिणींच्या गळ्यात राहिली तर ती नष्ट होतील आणि सुखवस्तू घरांतल्या मुलींच्या पियानोवर चढली तर अमर होतील, याविषयी त्याला शंका नव्हती. म्हणून तो चाली उतरवून घेई आणि त्यांवर साज चढवण्यासाठी थेट व्हिएन्नाला, त्या काळच्या थोर संगीतकारांकडे, धाडून देई. शब्द मात्र धाडत नसे. जुने शब्द ग्राम्य. ते सभ्य घरात चालणार नव्हते. चाल सजूनधजून परत आली की एखाद्या काव्यप्रेमी वकिलाला गाठायचे आणि तिच्या मापाचे नवे शब्द बेतून घ्यायचे, अशी त्याची रीत. थोर संगीतकार विचारीत की गाणे कशाबद्दल आहे ते तरी कळवा. त्याला हा प्रश्न अप्रस्तुत वाटे.

या गाण्याच्या बाबतीत त्याने अपवाद केला आणि एक शब्द कळवला. त्या पिढीतल्या एडिनबराच्या प्रतिष्ठितांनी आईची स्कॉट्स भाषा जिभेवरून खरवडून काढण्यासाठी शिकवण्या लावल्या होत्या, आणि या गृहस्थाची शिकवणी फारच उत्तम झाली असली पाहिजे. कारण गाणाऱ्या बाईच्या तोंडून त्याने 'हॅप्पिट' ऐकले, आणि व्हिएन्नाला लिहिले: 'हॅपी'.

व्हिएन्नातला संगीतकार खरोखरच थोर होता. आनंदी आहे म्हणून कळवले, त्याने आनंदी केले. व्हायोलिन, चेलो आणि पियानो. आरंभी बागडत येणारी प्रस्तावना, दोन कडव्यांमध्ये ठुमकणारे तुकडे, शेवटी टाचा आपटत निघून जाणारा समारोप, आणि लय अशी की ऐकणाऱ्याचा पाय त्याला न विचारता हलावा. वकिलाने वर शब्द बसवले. मे महिन्यातली सकाळ, एक मेंढपाळ, त्याची प्रिया आणि काही कोकरे. पहिल्या कडव्यात कोकरे हॅपी, दुसऱ्यात प्रिया हॅपी, तिसऱ्यात खुद्द मेंढपाळ. बुडालेल्या माणसाला त्या कुरणात जागा नव्हती.

हे सगळे रोनाला पाठ होते. दरवर्षी ती ते वर्गात सांगे आणि विद्यार्थी दरवर्षी हसत. पण शोकात सापडलेला विद्वान हा फार भोळा प्राणी असतो. आपल्या वडिलांचे, जन्मभर माशांच्या वासाचा कोट घातलेल्या माणसाचे गाणे एवढ्या थोर हाताखालून गेलेले आहे, हे तिला त्या घटकेला सांत्वन वाटले. तिने ग्लासगोला फोन लावला. मुंगो लेकी नावाचा तिचा एक सहकारी उत्तम बॅरिटोन, म्हणजे भारदस्त खालच्या आवाजाचा गायक, होता आणि मनाने त्याहून उत्तम. तो आपल्यासोबत तिन्ही वादकांना घेऊन यायला तयार झाला. लय अगदी संथ ठेवायची आणि वकिलाचे शब्द टाकून जुने म्हणायचे, असे तिने त्याला बजावले. बेत वाईट नव्हता. तो दोन ठिकाणी अडला.

पहिले ठिकाण म्हणजे जुने शब्द. रोना वही घेऊन आईसमोर बसली. एफीने पहिली ओळ सांगायला तोंड उघडले आणि मिटले. मग पुन्हा उघडले.

"नुसतं बोलून येत नाही गं ते," ती म्हणाली. "चाल लावली की येतं."

"मग लाव ना चाल."

"म्हणजे गाणं झालं ते. बाप आहे तुझा पलीकडे."

रोनाने पुढच्या खोलीत न ऐकू जाईल अशा आवाजात लावण्याची सूचना केली. एफीने तिच्याकडे असे पाहिले की वही मिटावी लागली. मुंगोला वकिलाचेच शब्द म्हणावे लागणार होते.

दुसरे ठिकाण पियानो. पोर्टगॅरीच्या चर्चमध्ये विजेवर चालणारे ऑर्गन होते, आणि मुंगोच्या पियानोवादकाने ते पाहून डोळे मिटून घेतले. चर्चच्या सभागृहात एक जुना पियानो होता, ज्यावर मुलांच्या नाटकातल्या मेंढ्यांचे मुखवटे ठेवलेले असत. दफनाच्या दिवशी, मंगळवारी सकाळी, दोरीची कार्डे खिशात असलेल्या माणसांनी तो उचलून थडग्यांमधल्या वाटेने चर्चमध्ये आणला. आणता आणता नील बुकनच्या कमरेत काहीतरी मोडल्यासारखा आवाज झाला, आणि तो एका कर्णधाराच्या थडग्यावर आडवा झाला. त्याने झोपल्या झोपल्याच चौथ्या क्रमांकाचे कार्ड काढून स्ट्रॅकनला परत केले.

स्ट्रॅकनने एफीला बाजूला घेऊन समजावले की एका अंगाला तीनच दोऱ्या ठेवता येणार नाहीत, डॉड तिरका उतरेल. मग दोघांनी गावातले पुरुष मनातल्या मनात मोजून पाहिले. ज्यांना दोरी नव्हती त्यांना एक तर हृदयविकार होता किंवा डॉडशी वैर. वॉटीला हृदयविकार नव्हता.

तो फाटकाशी उभाच होता. कोणी बोलावले नसताना, काळा सूट घालून, विजारीला धारदार इस्त्री करून, भिंतीला पाठ न लावता. एफी त्याच्यासमोर गेली आणि तिने कार्ड पुढे केले.

वॉटीने आकडा पाहिला. "चार?"

"नीलची आहे. त्याची कंबर गेली."

"म्हणजे उसनी."

"हो. उसनी."

त्याने कार्ड आतल्या खिशात, छातीकडच्या बाजूला ठेवले आणि खिशाचे बटण लावले.

चर्चमध्ये पियानोवादकाला तोवर एक गोष्ट कळून चुकली होती. समुद्राची हवा खाऊन त्या पियानोच्या तारा अशा झाल्या होत्या की सूर जन्मताच मरे. संथ लयीत वाजवले तर एका सुरानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये नुसता लाकडाचा ठोका ऐकू येई, जणू आतून कोणी दार वाजवत आहे. आणि समोर पेटी असताना तसा आवाज बरा दिसला नसता. तिन्ही वादकांनी डोळ्यांनीच एकमेकांना विचारले. मग त्यांनी लय थोर संगीतकाराने सांगितली होती तीच घ्यायचे ठरवले. रोना तेव्हा दारात लोकांचे हात हातात घेत होती. तिला विचारायला कोणाला धीर झाला नाही.

चर्चच्या पाद्री पिरीबाई नेमस्त आणि काटेकोर होत्या. त्यांनी स्ट्रॅकनला स्वच्छ सूचना दिली होती की गाणारा थांबला की पेटी उचलायची. स्ट्रॅकन आयुष्यभर अशा सूचनांवर जगला होता. आणि गाणारा गाणे संपण्याआधी मध्येच थांबतो, मागे नुसती वाद्ये वाजत राहतात, असे पोर्टगॅरीत कोणी कधी पाहिलेले नव्हते.

पियानोचे पहिले सूर उमटताच सगळे चर्च उभे राहिले, कारण या चर्चमध्ये वाद्य वाजले की उभे राहून प्रार्थनागीत म्हणायचे असते. लोकांनी पुस्तके उघडली. तेवढ्यात व्हायोलिन बागडत आले. लोकांनी पाने उलटून पाहिली. असे कोणतेही प्रार्थनागीत त्यांत नव्हते. पुढच्या बाकांवरची माणसे खाली बसली, ते पाहून मागची बसली, आणि मुंगोने श्वास घेतलेला पाहून पुढची पुन्हा उठली. मुंगो फार सुरेल गायला. मे महिना आला, कुरण हिरवे झाले, आणि ज्या जागी गावाने चाळीस वर्षे डोळे मिटून 'हॅप्पिट' ऐकले होते, त्या जागी कोकरे हॅपी झाली.

पहिले कडवे संपले. मुंगोने आदराने नजर खाली घातली आणि तो थांबला. स्ट्रॅकनने मान हलवली. त्याच्या सहा माणसांनी डॉडला खांद्यावर घेतले. त्यांतले चौघे सैन्यात राहून आलेले होते, आणि कवायत केलेल्या माणसाचे पाऊल वाद्याला विचारून पडते. मधल्या ठुमकत्या तुकड्यावर ते मधल्या वाटेत आले तेव्हा पेटी लयीत वरखाली होत होती. इतक्यात मुंगो पुन्हा गाऊ लागला. स्ट्रॅकनने तळहात वर केला. पेटी परत नेऊन ठेवण्यात आली. प्रिया हॅपी झाली. मुंगो थांबला. पेटी उचलली गेली, आणि या वेळी माणसांना तुकडा ओळखीचा असल्यामुळे ती आधीपेक्षा डौलात निघाली. मुंगो गाऊ लागला. पेटी परत ठेवली. तिसऱ्या कडव्यानंतर मात्र स्ट्रॅकनचा मनुष्यजातीवरचा विश्वास उडाला होता. समारोप वाजून संपला, वादकांनी गज खाली ठेवले, छताखाली शांतता पसरली, आणि कोणीही हलेना. शेवटी पिरीबाईंना व्यासपीठावरून वाकून सांगावे लागले की आता.

एफीचे खांदे पहिल्या कडव्यापासून हलत होते. रोनाने तिला जवळ घेतले, आणि घेतल्यावर तिच्या ध्यानात आले की आईने तोंडात हातमोजा कोंबला आहे.

दारापाशी आल्यावर एफीने तो काढला. "डॉड असता ना," ती म्हणाली, "तर हसून मेला असता." ती हे बोलली आणि बोललेले तिला ऐकू आले, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. "पण ते त्याचं गाणं नव्हतं, रोना."

आवाजात राग नव्हता.

दफनभूमीत दोऱ्या क्रमांकाप्रमाणे वाटल्या गेल्या. वॉटीने आपली उसनी दोरी दोन्ही हातांनी धरली आणि बोटीवर जाळे सोडावे तशी इंच इंच सोडली. दोरीचे टोक हातातून सुटून खाली पडल्यावरही त्याच्या मुठी तशाच राहिल्या. पिरीबाईंनी शेवटचे शब्द म्हटले आणि कुटुंबाच्या वतीने सर्वांना हॉटेलात पाईचे आमंत्रण दिले. मुंगोने रोनाची क्षमा मागितली, एफीची मागायला तो वळला, आणि एफीने त्याच्या गालाला हात लावून तुझा आवाज छान आहे बाळा, जा, काहीतरी खाऊन घे, असे सांगितल्यावर तो बिचारा अधिकच कोसळला. माणसे पांगली. कबरीशी एफी, रोना आणि वॉटी अशी तिघे उरली.

"वॉटी," एफी म्हणाली. "म्हण आता."

वॉटीने खड्ड्यात पाहिले. "अजून हॅप्पिट नाही तो."

कुंपणाच्या झाडांमागे माती ओढण्याचे छोटे यंत्र घेऊन एक लठ्ठ, लाजाळू माणूस लोक जाण्याची वाट पाहत बसला होता. एफीने त्याला हाताने बोलावले. त्याने जवळ येऊन टोपी काढली आणि घरच्या माणसांनी हे पाहायचे नसते, तुम्ही पुढे व्हा, पाई गार होईल, असे चाचरत सांगितले. एफीने उत्तर दिले की जन्मभर मी या माणसाचे ताट झाकून गरम ठेवले आहे, आज माझे गार झाले तर चालेल. मग त्याने यंत्र चालू केले आणि ते आवाज होऊ नये म्हणून, जणू असे करता येते, अगदी हलक्या हाताने चालवले. माती भरून झाली. त्याने यंत्राच्या पंजाने ती वरून दोनदा थोपटली, मग आपण काय केले हे लक्षात येऊन ओशाळला, आणि निघून गेला.

"आता?" एफीने विचारले.

वॉटीने टोपी काढून दोन्ही हातांत धरली. घसा साफ केला. त्याने घाई केली नाही. इतक्या वर्षांनी करायचे कारण नव्हते. मग त्याने तोंड उघडले, आणि त्यातून मे महिना बाहेर आला.

तो गचकन थांबला. "हे नाही."

त्याने पुन्हा सुरुवात केली. व्हायोलिन जिथे उडी मारत होते तिथेच त्याच्या आवाजाने उडी मारली. तिसऱ्यांदा त्याने एकेक सूर जमिनीत खुंटा ठोकावा तसा ठोकत आणला, अर्ध्या ओळीपर्यंत पोचला, आणि त्याचा उजवा पाय हलू लागला. वॉटीने त्या पायाकडे असे पाहिले, जसे घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे पाहावे.

"चाळीस वर्षं तोंडातून काढलं नाही मी ते," तो म्हणाला. "त्याचं होतं म्हणून. पण रोज म्हटलं, एफी. आतल्या आत. जाळी शिवताना, बोटीवर, त्याच्या मागे उभं राहून. एक सूर हलू दिला नाही. आणि तो पोरगा मोटारीतून येतो काय..." त्याने टोपीत तोंड घातले. गुरुवारपासून गावातल्या कोणीही त्याच्या डोळ्यांत पाणी पाहिले नव्हते.

एफीने स्वतः म्हणून पाहिले. शब्द आले, सगळे आले, निखारा आणि राख आणि मुलाचे पांघरूण. पण ते मेंढपाळाच्या लयीत नाचत आले. ती दोन ओळींवर थांबली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच कोणी न सांगता खाली बसली, शेजारच्या थडग्याच्या दगडी कडेवर.

"गेलं म्हणायचं," ती म्हणाली. "तोही गेला, आणि तेही."

एडिनबराच्या त्या सद्गृहस्थाचे काम आता पूर्ण झाले होते. ज्यांना गाणे येत होते त्यांच्यातल्या शेवटच्या दोघांपासूनही त्याने ते वाचवले होते.

रोना थोडी दूर, मातीच्या पलीकडे उभी होती. क्षमा मागण्यासाठी तिने तीनचार वाक्ये मनात जुळवली होती. ती सगळी बरोबर होती आणि एकही तिच्याने म्हणवेना. तिने ओठ मिटले आणि मिटल्या ओठांनी गुणगुणू लागली. शब्द नव्हते. लय जलद होती.

वॉटीने टोपीतून तोंड वर काढले. "हेच. हेच ते त्या पोराचं."

"नाही, काका. हे बाबांचं," रोना म्हणाली. "मला झोपायला पाठवायचे ना तुम्ही सगळे गायला बसलात की. मी भिंतीपलीकडे असायचे. शब्द यायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. आणि तो असाच यायचा. पळत."

"डॉड पळत म्हणायचा? काहीतरीच."

"पहिलं कडवं. ऐका ना." तिने पुन्हा ओठ मिटले, चाल पुढे नेली, आणि कडवे संपत आले तिथे मध्येच तोडली. "इथे थांबायचे ते. दर वेळी. मग आई, तू काहीतरी म्हणायचीस. लोक हसायचे. आणि मग बाबा पुढचं सुरू करायचे ते सावकाश. इतकं सावकाश की तिसरं मी कधी ऐकलंच नाही, तोवर मला झोप लागायची."

वॉटी आठवत होता, आणि आठवताना त्याची बोटे एका नसलेल्या ग्लासाभोवती वळली होती.

"पहिलं कडवं आम्ही तरी कुठे ऐकलं," तो अखेर म्हणाला. "ग्लास भरत असायचो."

"तू काय म्हणायचीस, आई?"

एफी समोरच्या ओल्या, नुकत्याच थोपटलेल्या मातीकडे पाहत होती, आणि बोलली तेव्हा त्या दोघांशी बोलली नाही.

"सावकाश, डॉड," ती म्हणाली. "एवढी कसली घाई आहे तुला जायची."

वारा समुद्राकडून येत होता आणि त्याला आडवे यायला तिथे फारसे काही नव्हते. रोनाने डोळे पुसले, ओठ मिटले, आणि दुसरे कडवे धरले. ते संथ होते. मुलाच्या पांघरुणापर्यंत येताना वॉटीचा पाय हलला नाही. तो हळूच एफीच्या शेजारी, त्याच दगडी कडेवर, अंतर राखून टेकला.

"आणि तो ऐकायचा तुझं?" त्याने कुजबुजत विचारले. बोटीवर डॉडने कोणाचे काही ऐकलेले त्याला माहीत नव्हते.

"तेवढं एक," एफी डोळे मिटून म्हणाली. "आता गप्प बस, वॉटी. त्याचं चालू आहे."